तणमोराची नोंद

तणमोर मी आयुष्यात चार वेळा पाहिला. तीनदा जिवंत आणि एकदा मेलेला. चारही वेळा पावसाळा होता आणि चारही वेळा मोठेबाबा सोबत होते. आता आमच्या भागात तो पक्षी उरला नाही असं जाणकार सांगतात. मागच्या वर्षी गावच्या जैवविविधता समितीतली दोन तरुण मुलं वर्ध्याला माझ्या घरी आली, वहीत टिपून घेत दोन तास बसली. त्यांना मी पक्षी कसा दिसायचा ते सांगितलं, कुरण कुठून कुठपर्यंत होतं ते सांगितलं, पण तो गेला कसा हे सांगताना जीभ अडली. ते आता इथे लिहिते आहे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं. वावर, म्हणजे शेती, बाबा बघायचे आणि जनावरं मोठेबाबा. कारंज्याहून आत, नाल्यापलीकडे आमचं गाव, आणि त्या वेळी आमच्या गोठ्यात वीसेक गवळाऊ जातीची जनावरं होती. पांढरीशुभ्र, उंच, लांब तोंडाची. आमच्या घरातले आवाज म्हणजे त्या जनावरांचेच आवाज. पहाटे गळ्यातल्या लाकडी घंटांचा ठकठक आवाज, मग धारेचा, मग आईच्या रवीचा. आईचं ताक घुसळणं एका लयीत चालायचं आणि मध्येच थांबलं की वाटायचं, घरात काहीतरी बिनसलं. ताक भरपूर, त्यामुळे कढी भरपूर, आणि कढी केली की तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके ठरलेलेच. मोठेबाबा फुणका हातानं फोडून कढीत बुडवत आणि दुसऱ्या हातानं मिशा वर धरत. आई हसायची. आमच्या घरात माणसं फार बोलत नसत, पण जेवताना कोणी उपाशीपोटी गप्प आहे की भरल्यापोटी, हे आईला बरोबर कळायचं.

गावाच्या वरच्या अंगाला कुरण होतं. सरकारी कागदात ती ई-क्लासची, म्हणजे सरकारी मालकीची चराईची जमीन. झाड म्हणून औषधाला एखादं हिवर, बाकी नजर जाईल तिथवर गवत. पवन्या, मारवेल, आणि उतारावर कुसळ, ज्याची टोकं लुगड्यात शिरली की संध्याकाळभर काढत बसावं लागे. मोठेबाबांनी या कुरणाचे मनातल्या मनात तीन भाग केले होते. एका भागात पोळ्यापर्यंत चराई, दुसऱ्यात पोळ्यानंतर, आणि तिसऱ्यात दिवाळीपर्यंत कोणीही पाय ठेवायचा नाही. गावातल्या दुसऱ्या गुराख्यांनाही ते तिकडे जाऊ देत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, "तिकडं बाई बसली हाय." बाई म्हणजे तणमोराची मादी, अंड्यांवर बसलेली.

अकरा-बारा वर्षांची असताना त्यांनी मला पहिल्यांदा नेलं. बांधावर आम्ही पालथे पडून राहिलो. पोटाखालची माती ओली, नाकात गवताचा वास. बराच वेळ काही नाही. मग बेडूक ओरडावा तसा टर्र आवाज आला आणि गवतातून एक काळा-पांढरा पक्षी सरळ वर उडाला. उडाला म्हणजे उसळला. माणसाच्या डोक्याइतका वर गेला, पंख फडफडवले, मान मागे टाकली आणि दगड पडावा तसा परत गवतात. डोक्यामागे काळे तुरे होते, वाऱ्यावर हलणाऱ्या दोऱ्यांसारखे. थोड्या वेळाने पुन्हा टर्र, पुन्हा उडी. मी हसायला लागले तर मोठेबाबांनी माझं डोकं खाली दाबलं.

"हासू नको वं. थो आपल्यासाठी नाई नाचून राह्यला. गवत उंच हाय, तिले दिसत नाई म्हून उड्या मारते."

त्यानंतर दोन पावसाळे त्यांनी मला असंच नेलं. पुढे मी मोठी झाले, दहावीचा अभ्यास आला, आणि कुरणात जाणं राहिलं.

दहावीचे पेपर संपले त्या उन्हाळ्यात सोनकुसरे साहेब आले. मोटारसायकलवर, गळ्यात दुर्बीण, पाठीवर नकाशांची गुंडाळी. माळावरचे पक्षी कमी होत चालले आहेत, म्हणून जिल्ह्यातली निवडक कुरणं राखायचा एक आराखडा तयार होतो आहे, त्याची पाहणी करायला त्यांना पाठवलं होतं. तीस-बत्तिशीचे असतील. दोन दिवस आमच्याच ओसरीवर राहिले. आईने त्यांना फुणके वाढले, त्यांनी मागून घेतले, त्यामुळे आईच्या दृष्टीने माणूस चांगला ठरला. मोठेबाबांबरोबर ते सकाळ-संध्याकाळ कुरण फिरले. उन्हाळ्यात तिथे वाळलेल्या काड्यांशिवाय काय असणार? पण मोठेबाबा हातवारे करून दाखवत होते, इथं नर, इथं मादी, इथं अंडी, आणि साहेब लिहीत होते.

"तुम्ही राखता कसं?" त्यांनी विचारलं. मोठेबाबांनी तीन भागांची गोष्ट सांगितली. साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "बाबा, आमच्या आराखड्यात हेच आहे. दिवाळीआधी कापणी नाही, जाळायचं नाही, नांगरायचं नाही, झाडं लावायची नाहीत. बाकी चराई तुमची तुम्हालाच."

"मंग आराखडा काह्याले पाह्यजे? मी करूनच राह्यलो."

"तुमच्या नंतर कोण करेल?"



अडचण एवढीच होती, की पक्षी पावसाळ्यात येणार आणि यादी पावसाळ्याआधी बंद होणार. साहेबांना डोळ्यांनी पाहता येणार नव्हतं. म्हणून गावाने लिहून द्यायचं. त्यांनी एक छापील नमुना दिला. जमिनीचं वर्णन, गवताचे प्रकार, आढळणारे पक्षी-प्राणी, किती, कधीपासून, खाली ग्रामपंचायतीचा ठराव आणि शिक्का. गावात माझ्या अक्षराचं कौतुक होतं, तेव्हा नमुना माझ्याकडे आला. मोठेबाबा सांगत गेले आणि मी पेन्सिलीने भरत गेले. आठ दिवसांनी येऊन नेतो, तोवर शाईने पक्कं करून ठेव, असं सांगून साहेब गेले.

त्या आठ दिवसांत गाव फिरलं. सरपंच हायवेवरच्या धाब्यावर चहा प्यायला बसले असताना कोणा ट्रकवाल्याने का दलालाने त्यांना सांगितलं, की अमुक ठिकाणी असाच एक पक्षी कागदावर चढला आणि सगळा मुलूख अडकला. वावर विकता येईना, विहीर खोदता येईना, सडक होईना. खरं किती, खोटं किती, कोणी पाहायला गेलं नाही. आमच्या सडकेचं मात्र खरंच घाटत होतं. नाल्यावर पूल आणि कारंज्यापर्यंत डांबरी रस्ता, मग एसटी गावात येणार. आणि एसटी आली तरच मी कॉलेजात जाणार होते. नाहीतर आईच्या माहेरकडून एक सोयरीक आली होती, मुलगा शेती करणारा, माणसं चांगली. बाबा ती नाकारतही नव्हते आणि होकारही देत नव्हते. सडकेकडे डोळे लावून बसले होते, माझ्यासारखेच.

एका दुपारी शाळेच्या पडवीत सभा भरली. मी नमुना घेऊन एका कडेला बसले होते. सरपंच म्हणाले, "पक्षी लिहाचा नाई. जमीन पडीक, पक्षी निरंक, असं लिहून मोकळं व्हा."

मोठेबाबा उभे राहिले. सभेत ते कधी उभे राहत नसत. "जे हाय थे हाय म्हणा ना. खोटं काऊन लिवता?"

"तुमाले लेकरंबाळं नाई मोठेबाबा, तुमचं जमते," कोणीतरी मागून म्हणालं. "आमाले सडक पाह्यजे."

"सडकेले पक्षी आडवा येते काय? थो गवतात राह्यते."

"दादा, बसून घ्या," बाबा म्हणाले. ते ग्रामपंचायतीचे मेंबर होते. आवाज चढवला नव्हता, पण आजवर त्यांनी भावाला चारचौघांत बसवलं नव्हतं. मोठेबाबा त्यांच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे वळले.

"सुमे, तू पाह्यला ना? सांग यायले."

सगळी पडवी माझ्याकडे बघत होती. आज इतक्या वर्षांनी मला माझ्या बाजूने बरंच काही म्हणता येईल. मी सोळा वर्षांची होते, मुलगी होते, सभेत मुली बोलत नसत, बाबा तिथे होते. हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात यांतलं काहीच नव्हतं. माझ्या मनात कारंज्याला जाणारी एसटी होती, तिच्या खिडकीजवळची जागा होती. मी मान खाली घातली आणि खोडरबरने पेन्सिलीचं लिहिलेलं खोडायला लागले. कोणी मला खोड म्हणालं नव्हतं. मग शाईने लिहिलं: जमीन पडीक, निरुपयोगी. पक्षी-प्राणी, निरंक. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

सोनकुसरे साहेब ठरल्या दिवशी आले. ओसरीवर बसून त्यांनी कागद वाचला, उलटा करून पुन्हा वाचला. मोठेबाबा जनावरं घेऊन गेले होते. साहेब येणार हे ठाऊक असूनही गेले होते. बाबा समोर बसलेले. साहेबांनी मला बोलावलं.

"सुमन, हे तू लिहिलंस?"

"हो."

"तू मला सांगितलं होतंस, तीन वेळा पाहिला म्हणून. उडी कशी मारतो ते करून दाखवलं होतंस."

मी म्हणाले, "मोर असंल साहेब. लहान होती मी तवा."

ते रागावले नाहीत. कागद घडी करून पिशवीत ठेवला, आईने दिलेला चहा संपवला आणि म्हणाले, "ठीक आहे. ठरावाविरुद्ध मी काही लिहू शकत नाही." मोटारसायकलचा आवाज नाल्यापर्यंत ऐकू येत होता. आत आईची रवी थांबली होती.

वर्षाच्या आत सडक झाली. एसटी आली. मी कॉलेजात गेले. सोयरीक दुसरीकडे जमली. हे सगळं ज्या कागदामुळे झालं असं गावाला वाटत होतं, त्याच कागदाने दुसरंही एक काम केलं. पडीक आणि निरुपयोगी जमीन कुठे कुठे आहे याची यादी कोणत्यातरी दुसऱ्या कचेरीला हवीच होती. पुढच्याच उन्हाळ्यात माणसं आली, यंत्र आलं आणि कुरणात चर खणले गेले. ओळीने खड्डे, खड्ड्यांत सुबाभूळ, आणि भोवती काटेरी तार. जनावरं आत घालायची नाहीत अशी पाटी लागली. सरपंच त्या कचेरीत जाऊन आले, परत येऊन म्हणाले, "ठराव आपलाच हाय म्हणतेत."

गावाची चराई गेली. आमच्या गोठ्यातली जनावरं दोन-दोन करून बाजाराला जाऊ लागली. प्रत्येक वेळी मोठेबाबा गाईच्या गळ्यातली घंटा काढून घेत आणि गिऱ्हाइकाला नुसती दोरी देत. पहाटेचा ठकठक आवाज विरळ होत गेला. आईचं ताक कमी झालं, मग कढी सणावारी होऊ लागली. जेवताना मोठेबाबा माझ्याशी बोलायचे, कॉलेजचं विचारायचे, एसटीत जागा मिळते का विचारायचे. त्या कागदाबद्दल एक शब्द नाही. मला वाटायचं, एकदा ओरडतील तर बरं होईल.

पोळ्याच्या आसपास एका सकाळी मी बसला निघाले होते, तर ते फाटकात उभे. धोतराच्या सोग्यात काहीतरी धरलेलं. "इकडं ये," म्हणाले. सोगा उघडला. काळी मान, पांढरा पट्टा, डोक्यामागचे तुरे चिखलात चिकटलेले. एक पंख मुळापासून फाटला होता.

"तारेत अटकला. चरांच्या मंधात थोडंसं गवत हाय, तठीच उडी मारत होता. उडाला न् तारेवर आला." मग म्हणाले, "कालपासून वरडत असंल. मले आयकू नाई आलं."

मी त्या दिवशी कॉलेजात गेले नाही. त्यांनी गोठ्यामागे खड्डा केला. मी जवळ उभी होते. माती लोटून झाल्यावर ते पहिल्यांदाच त्या गोष्टीबद्दल बोलले. "त्या सायबाले पत्र लिव. खरं लिव."

मी चार पानं लिहिली. पडवीतली सभा, खोडरबर, माझं खोटं, तार, सगळं. पत्ता साहेबांनी बाबांपाशी ठेवला होता. दिवाळी झाल्यावर उत्तर आलं, पोस्टकार्ड. मोठेबाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "वाच."

वाचायच्या आधी मी एकदा मनात वाचून घेतलं, आणि मला मोह झाला, की काहीतरी बरं वाचून दाखवावं. साहेब येतो म्हणाले, तार काढायला सांगितली आहे, असं काहीतरी. मोठेबाबांना वाचता येत नव्हतं. पण तेवढं धाडस माझ्यात नव्हतं, किंवा तेवढा निर्लज्जपणा. होतं तसं वाचलं: पत्र मिळालं. आराखडा मंजूर झाला आहे, त्यात आता गाव घालता येत नाही. माझी बदली झाली आहे. हिंगणघाट तालुक्यात वडनेरच्या पुढचं एक कुरण यादीत आहे, तिथे या पावसाळ्यात नर दिसले. मोठेबाबांना नमस्कार.

"वडनेर," मोठेबाबा म्हणाले. "येत्या पावसाळ्यात जाऊ."

आणि आम्ही गेलो. एवढ्या लांब ते आयुष्यात गेले नव्हते. कारंजा, वर्धा, हिंगणघाट, तीन गाड्या बदलल्या; मोठेबाबा पूर्ण वेळ समोरच्या दांड्याला धरून बसले. शेवटची गाडी वडनेर सोडून डांबरी रस्त्याने थेट त्या गावात शिरली आणि देवळापाशी थांबली. मी उतरून मागे वळून यादीतल्या गावाच्या त्या डांबरी रस्त्याकडे पाहत राहिले. मोठेबाबा पुढे निघाले होते.

कुरण लहान होतं, आमच्या निम्मंसुद्धा नसेल. पण गवत कमरेइतकं, आणि तार नाही. बांधावर त्यांच्याच वयाचा एक गुराखी इरलं घेऊन बसला होता. त्याने विचारलं नाही कोण, कुठले. सरकून जागा दिली. दोघांनी तंबाखू मळली. पाऊस भुरभुर पडत होता. दुपारपर्यंत आम्ही बसलो, काही दिसलं नाही. गुराखी म्हणाला, "सकाउन दोन डाव उडाला. आता आभाळ भरलं हाय, नाई उडाचा." मोठेबाबांनी मान हलवली. मग आपण होऊन बोलायला लागले. कुरणाचे तीन भाग, बाई बसायची ती जागा, साहेब, सभा, तार. मी गवताकडे पाहत राहिले. आता माझं नाव येणार हे मला ठाऊक होतं.

"आमी लिहूनच नाई देल्लं," मोठेबाबा म्हणाले. "आमी नाई म्हून लिवलं."

आमी. त्या एका शब्दाने मला जेवढं लागलं, तेवढं शिव्यांनी लागलं नसतं.

गुराख्याने तंबाखू थुंकली. "अठीबी तसंच ठरलं होतं, बाप्पा. जमीन जाते, सडक जाते, सारं आमीबी आयकलं. सभेत ठरलं, नाई म्हून लिवाचं. पण लिवनारी एक पोट्टी होती, तलाठ्याच्या कोतवालाची. तिनं जे होतं थे लिवलं न् शिक्का मारून घेतला. कोनी वाचलंच नाई."

मोठेबाबांनी विचारलं, "मंग?"

"मंग काय? कळल्यावर बापानं गुरावानी मारलं तिले. शाळा बंद केली, त्याच सालात लग्न लावून देल्लं, तिकडं लांब. दोन वर्सं झाले, गावात आली नाई."

पावसाचा जोर वाढला तशी त्याने इरलं माझ्या डोक्यावर धरलं. पाच वाजताच्या गाडीला अजून वेळ होता. मोठेबाबा समोर गवताकडे पाहत होते, आणि गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही.